भुसकटात हात घालायला येणाऱ्यांना

सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली

प्रिय पोरांनो,

आमच्या सिद्धेश्वरला बाहेरची माणसं येतात ती बहुतेक औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन आटोपून, पूर्णेवरचं धरण बघायला. तुमचं पत्र वेगळं असतं. आम्हाला अळिंबीच्या शेडमध्ये काम करायचंय, पैसे नकोत, राहायला एक कोपरा आणि दोन वेळचं जेवण पुरे, असं तुम्ही लिहिता. कुणी शहरात नोकरी करणारं असतं, कुणी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचं. तुमच्या मनात जे आहे ते मला मोलाचं वाटतं, म्हणूनच 'या' एवढं लिहून गप्प बसणं बरोबर होणार नाही. येण्याआधी इथलं काम, इथली माणसं आणि आमच्या अटी कळू द्यात.

आमची शेड म्हणजे एक खोली आहे. बांबू, पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट आणि चारी बाजूंनी ओलं गोणपाट. माझी जाऊ आणि मी ती बघतो, गल्लीतल्या दोघी रोजानं येतात. आम्ही धिंगरी अळिंबी घेतो. बटण अळिंबीला पंधरा-अठरा अंशांचा गारवा लागतो, म्हणजे यंत्रानं थंड केलेली खोली आली, विजेचं बिल आलं. धिंगरी २० ते ३० अंशांत येते, म्हणून पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यात असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की ती थांबते. तेव्हा घ्यायची तर दुधी अळिंबी. तिला तीस-पस्तीस अंश मानवतात, पण तिच्यावर मातीचा थर द्यावा लागतो, ते काम निराळं.

आता 'सेंद्रिय' या गोष्टीकडे येते, कारण तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात ती असते. तुम्हाला वाटतं अळिंबी सेंद्रियच असणार, तिला कुठे खत घालतात? पण ती ज्याच्यावर वाढते ते भुसकट कुठून आलं, हे बघा. सोयाबीन हे आमच्याकडचं खरिपाचं मोठं पीक. दसऱ्याच्या आगेमागे काढणी होते, मळणीयंत्राच्या मागे भुसकटाचे ढीग पडतात. थोडं गुरांपुढे जातं, थोडं धुऱ्यावर कुजतं, उरलेलं पेटवतात. मागितलं तर मिळतं. पण त्याच सोयाबीनवर आधी तणनाशक गेलेलं असतं, मग अळीसाठी फवारण्या झालेल्या असतात. अळिंबी जे खाऊन वाढते त्यातलं काय काय तिच्यात उतरतं, याची चिंता खाणाऱ्यानं करायलाच हवी. जड धातू तर ती चांगलेच साठवते. फवारलेल्या रानातलं भुसकट आणायचं आणि डब्यावर सेंद्रिय लिहायचं, हे आम्हाला जमणार नाही. म्हणून आम्ही ज्यांच्या रानात फवारणी झाली नाही अशांकडूनच भुसकट घेतो. अशी घरं थोडी. ती शोधायला, त्यांच्या मळणीच्या दिवशी हजर राहायला, परतीच्या पावसाच्या आत माल घरात आणायला माणूस लागतो. एकदा भिजलेलं भुसकट काळं पडतं, त्यात नको त्या बुरशांनी आधीच घर केलेलं असतं, मग त्याचा काही उपयोग नाही.

पुढचा प्रश्न भुसकट निर्जंतुक करण्याचा. प्रशिक्षणात सर्रास शिकवतात ती रीत सोपी आहे. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम, सव्वाशे मिलिलिटर फॉर्मलिन, त्यात भुसकट सोळा-अठरा तास बुडवून झाकून ठेवायचं. दुसऱ्या बुरशा मरतात, धिंगरी तेवढं औषध सोसते. ना जळण, ना धूर. एक बाई एकटी दिवसभरात भरपूर माल तयार करू शकते. जी असं करते तिला मी नावं ठेवणार नाही, तिला घर चालवायचंय. पण आम्ही ते करत नाही. आम्ही भुसकट रात्रभर साध्या पाण्यात भिजवतो, सकाळी लोखंडी पिंपात ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो. त्यासाठी तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या गोळा करून रचाव्या लागतात, पहाटे चूल पेटवावी लागते, कढत पोतं दोघींनी काठीवर तोलून बाहेर काढावं लागतं. पाठ भरून येते, डोळे धुरानं चुरचुरतात. आमच्या धिंगरीला दोन पैसे जास्त का पडतात, ते या पिंपापाशी उभं राहिल्यावर कळतं. आणि तुमच्या दोन हातांची आम्हाला सगळ्यात जास्त गरज असते ती इथेच.

गरम भुसकट सावलीत पसरून गार झालं की ओल बघायची. हे मी तुम्हाला कागदावर शिकवू शकत नाही, तरी सांगते. मूठभर भुसकट घेऊन घट्ट दाबायचं. तळव्याला ओल लागली पाहिजे, बोटांमधून थेंब गळता कामा नये. थेंब गळाला तर पिशवीच्या बुडाशी पाणी साचून सगळं सडतं. कोरडं राहिलं तर तंतू चालतच नाहीत. माझी जाऊ मूठ उघडायच्या आधीच सांगते, अजून अर्धा तास. मग पिशव्या भरायच्या. एक थर भुसकटाचा, त्यावर कडेकडेनं स्पॉन, पुन्हा थर. स्पॉन म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, आमच्यासाठी तेच बियाणं. ओल्या भुसकटाच्या वजनाच्या शेकडा दोन-तीन पुरतं. पिशवी दाबून भरायची, तोंड बांधायचं, भोकं पाडायची. या वेळी हात साबणानं धुतलेले, नखं कापलेली, केस बांधलेले. शेडमध्ये गप्पा नाहीत. हिरवी बुरशी एका पिशवीत शिरली तर ती पिशवी बाहेर नेऊन दूर पुरायची, 'बघू, सावरेल' असं म्हणत ठेवायची नाही.

त्यानंतर पंधरा ते वीस दिवस काहीच दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत पिशव्या टांगलेल्या, आत पांढरे तंतू दाण्यांपासून निघून भुसकट व्यापत जातात. सकाळ-संध्याकाळ जमीन आणि गोणपाट भिजवायचं, उष्णता बघायची, माशी आली का बघायचं. बस्स.

मोकळेपणानं सांगायचं तर बहुतेक पाहुणे इथेच निघून जातात. दरवर्षी कृषी महाविद्यालयांची मुलंमुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावोगाव राहायला येतात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, अझोला यांच्या जोडीला धिंगरीचंही प्रात्यक्षिक होतं. मन लावून शिकवणारी पोरं त्यांच्यात मी पाहिली आहेत. पण पिशवी भरली, बायकांनी बघितली, फोटो निघाला आणि प्रात्यक्षिक झालं असं धरलं की पुढचं कोण करणार? ती पिशवी कुणाच्या तरी ओसरीत टांगलेली राहते, दुपारी ऊन लागतं, पाणी कोण मारणार ते ठरलेलं नसतं. ती वाळली की गाव म्हणतं, मशरूम आपल्याकडे येत नाही. आणि तो शिक्का पुसायला पुढे फार वेळ जातो. म्हणून माझी पहिली अट हीच: आलात तर तिसऱ्या वेच्यापर्यंत राहा. पिशवी कापल्यावर बारीक टाचणीएवढ्या कळ्या दिसतात, तीन-चार दिवसांत घोस धरतो, तो पहिला वेचा. मग आठ-दहा दिवसांनी दुसरा, तितक्याच अंतरानं तिसरा. एक किलो कोरड्या भुसकटामागे तिन्ही मिळून सहाशे ते आठशे ग्रॅम ताजी धिंगरी निघाली तर आम्ही खूश असतो. पहिला वेचा बघून गेलेल्याला वाटतं हे फार सोपं आणि फायद्याचं काम आहे. तिसऱ्याला घोस लहान होतात, भुसकट दमतं, माश्या वाढतात. धंदा जमेल की नाही ते तेव्हा कळतं. दीड-दोन महिने नसतील तर निदान दोघं मिळून या, एक गेला की दुसरा पुढे चालवील.

दुसरी अट मजुरीची, आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. आमच्याकडे येणाऱ्या दोघींचं घर रोजावर चालतं. दिवाळीनंतर इथली कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरांच्या शाळा सुटतात. त्या दोघींपैकी एक आता जात नाही, कारण शेडमध्ये तिला सलग काम मिळतं. तुम्ही हौसेनं तिचं वेचणीचं काम केलंत तर त्या दिवशी तिचा रोज बुडतो. तुम्हाला समाधान मिळेल, तिला काय? शिवाय फुकटच्या हातांवर काढलेली धिंगरी आम्ही स्वस्तात विकायला लागलो, तर पलीकडच्या गावात मजुरी मोजून धिंगरी काढणारी बाई बाजारात टिकणार नाही. सेंद्रिय शेतीच्या नावाखाली असं व्हावं हे मला मान्य नाही.

परदेशात या प्रकाराची मोठी चळवळ आहे हे मला ठाऊक आहे. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंनी १९७१ मध्ये शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर नेलं, त्यातून 'वूफ' उभी राहिली. दिवसाचे चार-सहा तास काम, बदल्यात जेवण आणि निवारा. आपल्याकडे बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथून घडून आलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. दोन्ही मला आदराची वाटतात. पण रोजंदारीवर जगणारी घरं आमच्या भिंतीला भिंत लावून आहेत. त्यामुळे इथे स्वयंसेवकानं कुणाच्या जागी काम करू नये, जास्तीचं काम करावं. पिंपापाशी, भुसकट आणायला, शेड धुवायला या. वेचणी आणि पॅकिंग त्या दोघींचंच राहील. आणि तुम्ही जितके तास काम कराल ते आमच्या वहीत गावच्या रोजाच्या दरानं लिहिले जातील, पैसे घ्या वा न घ्या. तो आकडा धरूनच आम्ही भाव ठरवतो. तुम्ही गेल्यावरही शेड चालली पाहिजे ना?

सावडीनं काम करणं आमच्या आजी-आजोबांना चांगलं ठाऊक होतं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तीत फेड असायची. तुमची फेड आम्ही शिकवण्यातून करू. स्पॉन कुठलं चांगलं, जुनं कसं ओळखायचं, परभणीच्या कृषी विद्यापीठात कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात, हे सगळं सांगू. हिशेबाची वहीही उघडी ठेवू, तोट्याच्या पानांसकट.

तुमच्याकडून आम्हाला आणखी एक हवंय, विक्रीला हात. धिंगरी उघड्यावर जेमतेम दिवसभर टिकते. विकली गेली नाही तर उन्हात वाळवावी लागते, आणि दहा किलोची एक किलो होते. इथे लोकांना ती खायची सवय नाही. काही घरांत मटणासारखी लागते म्हणून आवडते, आणि नेमक्या त्याच कारणानं माळकरी घरांत 'हे चालतं का' असं विचारतात. नर्सीच्या नामदेवांचा हा जिल्हा, त्या प्रश्नाला हसू नका. बसून नीट सांगा की ही बुरशी आहे, भुसकटावर वाढते. तरी नको म्हणाले तर आग्रह करू नका. बाजारात चूल मांडून कांदा, काळा मसाला, थोडं दाण्याचं कूट घालून भाजी करा, भाकरीसोबत चाखायला द्या. हे काम आम्हा दोघींना वेळेअभावी होत नाही आणि त्यासाठी रोज द्यायलाही परवडत नाही. इथे तुम्ही कुणाचाच घास घेणार नाही.

दमा असेल, धुळीनं छाती भरत असेल तर मात्र येऊ नका. धिंगरीच्या छत्रीची कड वर वळायला लागली की बीजाणूंची पांढरी धूळ उडते, तिनं धडधाकट माणसालाही खोकला लागतो. आम्ही कड वळायच्या आत वेचतो आणि तोंडाला रुमाल नव्हे, मास्क बांधतो. आणि पावसाळ्यात बांधावर, उकिरड्यावर आपोआप उगवलेली छत्री तोडून 'काकू, हीपण शिजवू का' म्हणून आणू नका. शिजवणार नाही.

रेल्वेनं येणार असाल तर पूर्णा-अकोला मार्गावर हिंगोलीला उतरा, तिथून औंढा, औंढ्याहून सिद्धेश्वर. सुती जुने कपडे आणा. सगळ्यात महत्त्वाचं, गणपती उठायच्या आत कळवा. कोणत्या रानातलं भुसकट उचलायचं हे सोयाबीन उभं असतानाच बोलून ठेवावं लागतं, आणि त्या बोलणीला तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यासोबत चालत यावं असं मला वाटतं.

तुमची,
शेडवाली काकू