कमी चाललेल्या ट्रॅक्टरला क्लच कोणता टाकायचा?



कमी चाललेल्या ट्रॅक्टरचा क्लच गेला की घरात पहिला प्रश्न येतो, "एवढ्यात कसा गेला?" आणि दुकानात गेलं की विचारतात, "हेवी ड्युटी देऊ का?" माझं मत असं झालंय की, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात आल्याशिवाय दुसऱ्याला हो म्हणू नये.

आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, डबल क्लचचा. आठ वर्षांत मीटरवर २,१०० तास, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या वर थोडे. घरचं रान, भावकीतली थोडी नांगरट आणि शेणखताच्या ट्रॉल्या, एवढंच काम. यंदा मे महिन्यात रोटर मारताना इंजिनचा आवाज चढायचा, पण गाडी जागची हलायची नाही, आणि करपट वास. आमच्या वाळवा तालुक्यात जुलैत आडसालीची लागण असते. त्याच्या आत सऱ्या सोडायच्या होत्या, त्यामुळं दिवस मोजूनच होते.

डबल क्लचमध्ये दोन प्लेटा असतात. एक चाकांना ताकद देते, दुसरी पीटीओला. पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते, पूर्ण दाबलं की पीटीओ थांबतो. म्हणून कोणती प्लेट घसरते हे खोलायच्या आधीच कळतं. आमचा रोटर जोरात फिरत होता, चाकं मागं राहत होती. म्हणजे दोष चाकाच्या प्लेटकडं.

मग पेडल हातानं दाबून बघितलं. सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल लागते. बऱ्याच ट्रॅक्टरना ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. ही हालचाल संपली असेल तर रिलीज बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. अशा वेळी नुसती सेटिंग करून काम भागतं. आमची हालचाल बरोबर होती, म्हणून खोलणं भाग पडलं.

खोलल्यावर मिस्त्रीनं प्लेट हातात दिली. लायनिंग जाड होतं, रिबिटी अजून आत होत्या. पण वरचा थर काळा, काचेसारखा गुळगुळीत आणि तेलकट. फ्लायव्हीलच्या बाजूला ओल होती. म्हणजे क्रँकचा मागचा ऑइल सील गळत होता. ओल गिअरबॉक्सच्या बाजूला असती तर इनपुट शाफ्टचा सील बघावा लागला असता. सीलचं रबर तासांवर जात नाही. वर्षांनी आणि उष्णतेनं कडक होतं, गाडी शेडमध्ये उभी असली तरी. कमी चाललेल्या ट्रॅक्टरचा क्लच एवढ्यात का गेला, त्याचं उत्तर इथं सापडलं. झिजला नव्हता, तेलानं भिजला होता. ही प्लेट काढून कितीही भारी प्लेट टाकली असती आणि सील तसाच ठेवला असता, तर तीही भिजली असती.

आता निवड. पोरगा म्हणाला, "आण्णा, खोललंयच तर सिरॅमिकचा सेट टाकू. साडेतीन हजारांचाच फरक आहे. मग हंगामात कारखान्याला दोन ट्रॉल्या लावता येतील."

त्याच्या बोलण्यातलं खरं वजन दुसऱ्या वाक्यात होतं, हे मला कळत होतं. सहा एकरांत दोघांचं भागत नाही. ऊस वाहतुकीचा करार करायचा, उचल घ्यायची, असं त्याच्या मनात गेल्या वर्षापासून आहे. तो गाव सोडून जायचं म्हणत नाही, गावात राहून काहीतरी करायचं म्हणतो. म्हणून त्याचं म्हणणं उडवून लावायचं नव्हतं. दोघं मिस्त्रीपुढं बसलो आणि एकेक गोष्ट तपासली.

ऑरगॅनिक लायनिंग मऊ पकडतं. अर्ध्या क्लचवर गाडी हळू सरकवता येते, अवजार जोडताना झटका बसत नाही. पण ते तापलं की चकाकतं आणि घसरतं. सिरॅमिक म्हणजे धातूमिश्रित पॅड. ते जास्त उष्णता सोसतं, घट्ट पकडतं. पण पकडताना एकदम पकडतं, आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट जास्त खातं. ज्याची गाडी रोज भरल्या ट्रॉल्या ओढते, चढाला थांबून परत उचलते, त्याला सिरॅमिक उपयोगी. ज्याला दिवसभर सरीत पुढं-मागं करायचंय, त्याच्या पायाला आणि गिअरला त्या झटक्याचा त्रास.

घसरण्याची उष्णता किती असते, त्याचा हिशेब पोरानं मोबाईलवर केला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ४५ एचपीतला दहावा हिस्सा जरी घसरण्यात गेला, तर साडेतीन किलोवॅटच्या जवळ उष्णता होते. हजार वॅटच्या तीन शेगड्या क्लच हाऊसिंगमध्ये पेटवल्यासारखं झालं. जेसीबीसारख्या मशीनला अशी क्लच प्लेट नसून टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, ते तेल गिअरबॉक्सकडचा पंखा फिरवतं. तिथं घसरण धरूनच चालतात, आणि ती उष्णता तेल कूलरमध्ये नेऊन सोडतं. आपल्या कोरड्या क्लचला कूलर नाही. त्यानं पूर्ण पकडावं किंवा पूर्ण सोडावं, मधलं काम कमीत कमी.

शेवटी मी पोराला विचारलं, "दोन ट्रॉल्या ओढायला क्लच पुरला, थांबवायला काय पुरणार?" आमचे मागचे टायर अर्ध्यावर आलेत. ब्रेक घरच्या कामापुरते ठीक. भरलेल्या दोन ट्रॉल्यांचं वजन उतारावर ट्रॅक्टरलाच ढकलतं. शिवाय क्लच घसरतो तेव्हा तो पुढच्या दातऱ्यांना वाचवतही असतो. क्लच घट्ट केला की तो धक्का गिअरबॉक्सला जातो. वाहतूक करायची तर ब्रेक, टायर, हूक, मागचे दिवे, विमा सगळा हिशेब मांडून करायची, नुसत्या प्लेटवर नाही. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तो हिशेब दिवाळीच्या आत मांडू." मी हो म्हटलं, आणि तो मांडायचाच आहे.

आम्ही मूळ मापाचा ऑरगॅनिक सेट टाकला. जुन्या प्लेटला नवीन लायनिंग लावून घेणं स्वस्त पडलं असतं, पण हबच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या, त्यामुळं तो विचार सोडला.

सेट घेताना जुनी प्लेट सोबत न्या. व्यास, स्प्लाइनचे दाते, हबची उंची आणि पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सालात वेगळा क्लच असू शकतो, म्हणून चासिस नंबरही सांगा. ट्रॅक्टर मधून वेगळा केलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील बदलून घ्या. मालाच्या किमतीपेक्षा परत खोलायची मजुरी जास्त असते. फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा, खाचा आहेत का बघा, गरज असेल तर लेथवर साफ करून घ्या. बोटांची उंची मिस्त्रीला डोळ्यानं नाही, मापानं जुळवायला लावा.

नवीन क्लचवर पहिले पंचवीस-तीस तास आम्ही हलकं काम घेतलं. जूनमध्ये सऱ्या निघाल्या, गाडी व्यवस्थित ओढते. पाय पेडलवर ठेवून चालवायचं नाही, हे ड्रायव्हर कोणीही असो, आधी सांगायचं.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. ज्या गाडीला पेडल दाबून अडकवायची कडी आहे तिनं ती वापरावी, नाहीतर आठवड्यातून एकदा गाडी चालू करून क्लच दाबावा-सोडावा. आणि क्लच हाऊसिंगच्या तळाला भोक असेल तर तिथं अधूनमधून बोट लावून बघा. बोटाला तेल लागलं की सीलचा खर्च करा, म्हणजे क्लचचा खर्च वाचेल.

ऊस वाहतुकीत ज्यांनी सिरॅमिक वापरलाय त्यांनी एक सांगा. किती तास चालला, आणि खोलल्यावर फ्लायव्हील कसं निघालं? आमच्या दिवाळीच्या हिशेबात ते धरायचं आहे.