नऊ एकांचा वर्ग

दहावीनंतर गणिताशी माझा संबंध किराण्याच्या बिलापुरता. भाचीने १११११११११ या संख्येचा वर्ग विचारला, तेव्हा हात मोबाइलकडेच गेला. पडद्यावर दशांशचिन्ह आणि एक इंग्रजी ‘ई’. स्प्रेडशीट उघडली, तर ती म्हणाली १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी एक असलेल्या संख्येचा वर्ग दोन शून्यांवर संपेल कसा? पंधरा अंकांपलीकडचं तिला पेलत नाही आणि उरलेल्या जागी ती बिनदिक्कत शून्यं भरते, हे भाचीकडून कळलं.

मग चौकटींची वही घेतली. नऊ एकांची ओळ, तिच्याखाली तशीच दुसरी, पण एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी. गुणाकार असा करायचाच नव्हता, उभ्या रांगांतले एक मोजायचे. उजवीकडून पहिल्या रांगेत एक, दुसरीत दोन, मधोमध नऊ, तिथून पुन्हा उतार. १२३४५६७८९८७६५४३२१! सतरा अंक, दोन्हीकडून वाचा, सारखेच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने निःशेष भागही जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ अगदीच सामान्य दिसतो, पण तो १२३४५६७९चा वर्ग आहे. (यातला आठ गायब आहे, बघितलंत?)

या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे गणिती. कल्पना सुचली ते जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथल्या गर्दीत कोणाला आज वर्ग सुचत असतील, तर त्यांना माझा नमस्कार.

मी खुशीत होतो, तोच भाची म्हणाली, “मामा, आता दहा एक घे.” घेतले. मधल्या रांगेत दहा आले, हातचा एक डावीकडे गेला आणि सगळी ऐट संपली: १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटं वाचून सारखं येत नाही.

माझा गोंधळ इथे खरा वाढला. म्हणजे ते देखणेपण संख्येचं नव्हतंच? दहा झाले की हातचा घ्यायचा, ही आपली लिहायची रीत. आठच्या पायावर लिहिणाऱ्यांची शिडी सात एकांवरच थांबली असती. माझ्या मते ही संख्या देखणी आहे ती आपल्या लिखाणाच्या मेहेरबानीने.

तिचं स्वतःचं म्हणावं असं काय, ते मूळ अवयवांत सापडलं. ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. कुठल्याही पायावर लिहा, हे बदलत नाहीत. त्यांवरून एकूण विभाजक ४५. ही संख्या विषम येते, कारण एरवी विभाजक जोडीने येतात. वर्गसंख्येत मात्र एक विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. इथे तो १११११११११.