वेगळ्या चुली

दोन वस्तू सारख्या दिसल्या की त्यांची मोट बांधल्याशिवाय काही जणांना चैन पडत नाही. आमचा पुतण्या त्यातला. बँकांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. परवा आम्ही सिद्धगडाच्या माचीवर धापा टाकत बसलो होतो. (१९४३ साली २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्याच जंगलात हुतात्मा झाले. तिथे माणसानं धाप तरी मुकाट्यानं टाकावी!) पण हा म्हणाला, "काका, बचत खातं, पीककर्ज, धंद्याचं कर्ज, व्याज म्हणजे शेवटी मुद्दल, दर आणि दिवस. तेच तीनदा कशाला लिहायचं? मी 'व्याज काढा' असा एकच सामाईक भाग लिहिलाय. तिघांनी तोच वापरायचा."

ऐकायला झकास. पण मी पडलो बँकेतला कारकून. व्याजाशी माझा संबंध वीस वर्षांचा, तोही दुसऱ्यांचं मोजण्यापुरता.

"बाबा रे," म्हटलं, "बचतीचं व्याज पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळे. त्यामुळे दहा तारखेला काउंटरवर ही झुंबड! १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर आलं. कर्जाला त्याचं सोयरसुतक नाही. कर्जावर एप्रिल २००२ पासून दरमहा व्याज चढवायचं ठरलं, पण पीककर्ज वगळून. ती खाली खाचरं दिसतायत ना? त्यांच्या मालकाच्या हाती पैसा येतो तो भात झोडपल्यावर. त्याला दरमहा व्याजावर व्याज लावलंस तर पुढच्या वर्षी पेरायचं काय त्यानं?"

"मग एक 'जर' घालतो त्यात. जर पीककर्ज असेल, तर..."

एकत्र कुटुंबात अगदी हेच होतं. सगळेच भात खातात म्हणून चूल एक. मग आजोबांना कांदा चालत नाही, वहिनींचा उपास, धाकट्याला तिखट नको. शेवटी त्या चुलीपाशी स्वयंपाक कमी आणि जर-तर जास्त. आजच्या सारखेपणावर जाऊ नये. उद्या एकाचा नियम बदलला तर दुसऱ्याचाही बदलेल का, एवढं विचारावं. नसेल बदलणार, तर खुशाल दोनदा लिहावं. चार ओळी जास्त, दुसरं काय!

"म्हणजे सामाईक काहीच नको?"

"दोन तारखांमधले दिवस मोजणं ठेव की सामाईक. फेब्रुवारी २९ दिवसांचा झाला की शेतकऱ्याला आणि शेठजीला एकदमच होतो."

पुतण्या गप्प झाला. दिवस मोजणं तेवढं त्यानं तीन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं होतं.