मामंजींची वही

माझं माहेर बेळगावचं. आमच्याकडे खंडेनवमी आणि शेजारच्या कन्नड घरात आयुधपूजा. दिवस एकच, प्रसाद दोन्हीकडचा. लग्न होऊन गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या धारगळला आले, तर इथेही खंडेनवमीला गाडीला हार. पण आमचे मामंजी हार घालण्याआधी अर्धा दिवस गाडीच्या खाली!

गाडी म्हणजे २०१२ साली घेतलेली पांढरी अल्टो. इकडचा पाऊस चार महिने, आणि माती तांबडी, चिकट. चाकांच्या वरच्या खोबणीत ती बसते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजायला लागतो. वरून रंग चकचकीतच दिसतो. दरवाजांच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, हे मला मामंजींनीच दाखवलं. पानं-माती अडकून ती बुजली की दरवाजा खालून कुजतो. मामंजी खराट्याची हीर घेऊन एकेक भोक मोकळं करत.

शिवाय त्यांची एक वही होती. तेल कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, टायर कधी घेतले, सगळं तारखेनिशी; बिलं मागे टाचलेली. बेळगावला येताना आंबोली घाटात त्यांचा एकच मंत्र : ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. विम्याच्या हिशेबात नवी गाडी पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के उतरते, वर्षात १५ आणि पाच वर्षांत निम्म्यावर येते. मामंजी म्हणत, "गाडीचं वय वाढणार, ते आपल्या हातात नाही. आजारपण आपल्या हातात आहे."

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचं विमानतळ सुरू झालं, रस्त्यावरची वर्दळ वाढली, आणि इकडे मामंजींची नजर अधू होत गेली. २०२४ चा पावसाळा संपल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "आता विका. डोळ्यांच्या खर्चाला होतील पैसे."

एक दलाल आला. गाडी पाहून खूश झाला, वही चाळली आणि एका पानावर थांबला. "हे पान तेवढं काढा. वीस हजारांचा फरक पडेल. रंग कुठे ओळखू येतोय?"

ते पान माझंच होतं! २०१६ मध्ये गाडी शिकताना मी ती चिऱ्याच्या भिंतीवर घातली होती. डावा दरवाजा बदलावा लागला. खरं सांगते, मलाही वाटलं, काढावं पान. गंज नाही, इंजिन ठणठणीत, मग एका जुन्या दरवाजाने कुणाचं काय बिघडणार? मी पान फाडायलाच वही हातात घेतली. मामंजींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : डावा दरवाजा बदलला. आणि त्याखाली : सूनबाईला लागलं नाही.

आठ वर्षं ते पान तिथे होतं, आणि मी कधी वाचलंच नव्हतं. वही तशीच मिटली.

पुढे माहेरच्या ओळखीतून बेळगावचं एक कुटुंब आलं. मुलगा मराठीत बोलत होता, त्याची आई कन्नडमध्ये. तिने गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "गाडी चलो इट्टीरी." मी वही पुढे केली आणि ते पान उघडूनच दिलं. मायलेकांत थोडी कुजबुज झाली. गोव्याची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, तोही खर्च त्यांनी धरला. शेवटी दलालाच्या आकड्यापेक्षा पंचवीस हजार कमी झाले. आमचे हे माझ्याकडे पाहत राहिले. मामंजी मात्र "द्या" म्हणाले.

पण कागदांच्या बाबतीत त्यांनी सूट दिली नाही. २८ नंबरच्या फॉर्मवर ना-हरकत दाखला आणि २९, ३० वर सह्या झाल्याशिवाय किल्ली हलली नाही. ओळखीतले लोक, एवढं कशाला, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "ओळख आहे म्हणूनच." त्यांचं बरोबरच होतं. गाडी विकली तरी नोंदणीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुढे काही घडलं असतं, तर ओळखही गेली असती.

गेल्या खंडेनवमीला बेळगावहून त्या बाईंचा फोन आला. गाडीला नवा नंबर मिळाला होता, हार घालून झाला होता. विचारत होत्या, दरवाजाची भोकं कशाने साफ करायची? मी फोन मामंजींकडे दिला. त्यांना कन्नड येत नाही, त्यांना मराठी थोडीच. तरी खराट्याच्या हिरीवर दहा मिनिटं बोलणं झालं.

वही आम्ही गाडीबरोबरच दिली. त्या एका पानाची झेरॉक्स तेवढी माझ्या कपाटात आहे.