क्षयरोगाचे निदान आणि रुग्णाची विचारपूस

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या रोगाच्या निदानाची भिस्त मुख्यतः सूक्ष्मदर्शकावरच राहिली. रुग्णाच्या बेडक्याचा पातळ थर काचेच्या पट्टीवर पसरून, त्याला लाल रंग देऊन आणि मग आम्लाने धुऊन, तरीही रंग न सोडणारे काडीसारखे जंतू तंत्रज्ञ डोळ्यांत तेल घालून शोधत असे. परंतु एक मिलिलिटर बेडक्यात निदान 5,000 ते 10,000 जंतू असल्याखेरीज ते सहसा नजरेस पडत नसत. ज्यांच्या बेडक्यात जंतू थोडेच असतात, अशी लहान मुले आणि एचआयव्हीबाधित रुग्ण या तपासणीतून वारंवार निसटत, तर जंतूंची वाढ करून पाहण्याच्या संवर्धन तपासणीला आठवडेच्या आठवडे लागत.

ही कोंडी फोडली ती रेणवीय चाचण्यांनी, म्हणजे जंतूच्या डीएनएचा नेमका तुकडा असंख्य पटींनी वाढवून तो ओळखणाऱ्या चाचण्यांनी. भारतात सीबीनॅट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिली. जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देईल की नाही, हे दोन्ही तिच्यामुळे सुमारे दोन तासांत कळू लागले. भारतात विकसित झालेले आणि 2020 मध्ये संघटनेने शिफारस केलेले ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने ही सोय लहान आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली, तर छातीच्या एक्स-रेमधील संशयास्पद छाया हेरणाऱ्या संगणक-प्रणालींचा 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी वापर करण्यास 2021 मध्ये संघटनेने अनुकूलता दर्शवली.

मात्र या साधनांची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. डीएनए मेलेल्या जंतूचाही उरतो. त्यामुळे पूर्वी उपचार पूर्ण केलेल्या माणसाच्या बेडक्यात तो आढळला, तर रोग उलटला आहे की जुन्या रोगाचे अवशेष दिसत आहेत, हे केवळ या चाचणीच्या अहवालावरून ठरवता येत नाही. बऱ्या झालेल्या फुफ्फुसावरील व्रणही एक्स-रेमध्ये अशीच शंका निर्माण करतात. अशा वेळी पूर्वी औषधे घेतली होती का, ती कधी थांबली, ताप किंवा खोकला पुन्हा कधी सुरू झाला, वजन घटले का, हे प्रश्न निर्णायक ठरतात, आणि त्यांची उत्तरे रुग्णाजवळच असतात.

तंत्रज्ञानाने वैद्याची जबाबदारी हलकी केली, हा समज म्हणूनच अपुरा आहे; चाचणी जितकी सूक्ष्म, तितकी तिच्या निष्कर्षाला रुग्णाच्या पूर्वेतिहासाची जोड अधिक आवश्यक. यंत्रांनी वाचवलेला वेळ पुढच्या रुग्णाला घाईने आत बोलावण्यात न घालवता समोरच्या रुग्णाचे ऐकून घेण्यात आणि त्याच्या उपचारांना विनाविलंब प्रारंभ करण्यात खर्ची पडला पाहिजे, कारण अहवाल दोन तासांत आला तरी रुग्ण बरा होतो तो कित्येक महिने नियमित घेतलेल्या औषधांनीच.