ओझ्याची जागा

‘गाडी उलटली!’ एवढे दोन शब्द कुणी धावत येऊन सांगितले, की ऐकणारा हातातले काम टाकून उठतो. उलटणे या क्रियापदाला आपल्या भाषेत चांगले दिवस कधी आलेच नाहीत. डाव उलटतो, दैव उलटते, आणि ज्याचे भले करावे तो माणूसही उलटतो. अशा या अभागी क्रियापदाला पोटापाण्याला लावले ते टिपरने. दिवसातून आठ वेळा, ठरवून, आणि मालकाच्या देखत ज्याचा हौदा उलटतो, त्या वाहनाला लोक चांगले भाडे देतात!

बैलगाडीच्या दिवसांत यासाठी एक नेमका शब्द होता: उलाळ. आखाच्या मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते. धुरी वर उठते, जू बैलांच्या खांद्यावरून उचलले जाते आणि जुपण्या त्यांच्या गळ्याला काचतात. भार पुढे जास्त झाला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून जाणता गाडीवान पोते ठेवताना आखाकडे बघत असे. शेणखत किंवा माती ओतायची वेळ आली म्हणजे मात्र हाच प्रकार तो मुद्दाम करी. बैल सोडी, धुरी उचलून धरी आणि गाडी मागे कलती करी. टिपरचे सगळे तत्त्व एवढ्यात आले.

माझ्या भाच्याला हा शब्द ठाऊक नव्हता. तो बदलापूरचा. प्रवासाची घोडी इथे बदलत म्हणून गावाला हे नाव पडले, असे लोक सांगतात. भाच्याने घोडी तीच ठेवली, फक्त तिची पाठ बदलायचे ठरवले. त्याच्याकडे एक पिकअप आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या ज्या गल्ल्यांत मोठा टिपर वळत नाही, तिथे तो रेती, खडी आणि विटा पोचवतो व जाताना घरदुरुस्तीचा राडारोडा उचलतो.

रेती आपल्याकडे ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. पाव ब्रास रेतीचा ढीग दिसायला लहान, पण वजनाला टनाच्या वर. हौद्यातून तो फावड्याने खाली ओढायला दोन गड्यांना पाऊण तास लागे. गडी आले नाहीत त्या दिवशी आमचे भाऊजी स्वतः हौद्यात चढत. गेल्या पावसाळ्यात ते असेच चढले, ते उतरलेच नाहीत. चौघांनी त्यांना उतरवून घरी आणले. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी फावडे कायमचे बंद केले.

भाचा मला म्हणाला, “मामा, घंटागाडी बघितलीत ना तुम्ही? कळ दाबली की डबा आपोआप मागे कलतो. आपल्या गाडीला तसं करता येईल.”

त्यासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. उल्हासनगरलाच का, असे या भागात कुणी विचारीत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना मात्र लोक अजूनही कॅम्पचाच आकडा सांगतात. शिपायांच्या बराकीत पडदे बांधून ज्यांनी संसार थाटले, त्यांना एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला कशी लावावी हे शिकवायला नको होते.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचा जन्म बराकीतलाच. ते मराठी बोलतात, फक्त क्रियापदे त्यांच्या मर्जीने चालतात. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “वजन कुठे ठेवणार?”

“हौद्यात,” भाचा म्हणाला.

“ते आत्ता. हौदा वर गेल्यावर कुठे?”

मग त्यांनी खडूने जमिनीवर काढून दाखवले. हौदा मागच्या बाजूला बिजागरीवर बसवायचा आणि त्याच्या पोटाखाली तेलाचा जॅक द्यायचा. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितले होते. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. आता बॅटरीवरचा एवढासा पंप तेल ढकलतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोचा दाब झाला, की दट्ट्या साडेसात टनांचा जोर करतो.

टनभर रेतीसाठी साडेसात टन कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले. पण हौदा आडवा असताना जॅकही त्याच्याखाली जवळजवळ आडवाच निजलेला असतो. त्याचा बहुतेक जोर बिजागरीला मागे रेटण्यात जातो, उचलण्यासाठी थोडाच उरतो. पहिली वीतभर उंची म्हणूनच सगळ्यांत अवघड. पुढे जॅक उभा होत जातो आणि काम हलके होते. कोरडी रेती ३०-३५ अंशांवर घसरू लागते. ओली माती ४५ अंशांवरही हट्टाने चिकटून बसते, आणि ती एकाच बाजूला चिकटली व जमीनही कलती असली, तर हौद्याबरोबर गाडीच आडवी होते.

“वजन कुठे जात नाही, साहेब,” चाचा मला म्हणाले. “तुमच्या भाऊजींच्या पाठीवरून उतरलं, ते या पिनवर बसलं. पिनवरून चासीवर जाणार. चासीला विचारायला नको?”

म्हणून चासीच्या कडांना भोक पाडायचे नाही, वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही. वर दुसरी चौकट ठेवून ती यू-बोल्टने आवळायची. बिजागरी आखाच्या फार मागे न्यायची नाही, नाहीतर ओतताना पुढची चाके हलकी होतात. मी त्यांना आमचा ‘उलाळ’ सांगितला. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला आणि आपल्या पोऱ्याला शिकवला.

ओझे कागदावरही जाऊन बसले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही. कल्याणच्या परिवहन कार्यालयात अर्ज झाला. शिवाय जॅक, पंप आणि चौकट मिळून वजन भरले २५० किलो. गाडीने एकूण किती वजन घेऊन चालावे, तो आकडा काही त्यामुळे वाढत नाही. म्हणजे तेवढी रेती प्रत्येक खेपेला कमी.

“मग मी काय जॅकच वाहून नेऊ?” भाचा वैतागला.

“तुझे वडील ऐंशी किलोचे,” चाचा म्हणाले. “त्यांना वाहून नेलंत, त्यापेक्षा हा बरा.”

दसरा तोंडावर आला. गाडी रंगवून तयार होती, झेंडूची माळ घरात ओवून ठेवली होती. राहिला होता फक्त टेकू. हौदा वर असताना त्याखाली अडकवायचा हा लोखंडी दांडा. तेलाची नळी फुटली तर रिकामा हौदासुद्धा क्षणात खाली येतो, आणि ग्रीस लावायला माणूस नेमका त्याच्याखाली गेलेला असतो. भाचा म्हणाला, “आज पूजेपुरती नेतो. परवा आणून टेकू लावून घेतो.” चाचांनी किल्ली खणात टाकली आणि खण बंद केला. भाच्याने आवाज चढवला, घराची अब्रू काढली, आधी दिलेल्या पैशांची आठवण दिली. चाचा कानस चालवीत राहिले.

“पूजा इथे कर,” ते शेवटी म्हणाले. “देव कॅम्पातपण येतो.”

त्याप्रमाणे माळ कारखान्यात चढली. भाऊजींना हे सांगितले तेव्हा ते पडल्या पडल्या म्हणाले, “त्या माणसाला आपला फराळ पाठवा.”

टेकू बसला, तपासणी झाली, पुस्तकात नोंद झाली. पहिली खेप अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूच्या एका गल्लीत पडली. त्या देवळाच्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. लेखात राजाचे नाव वाचता येते. दगड चढवणाऱ्यांच्या पाठी मात्र आपल्यालाच मनात आणाव्या लागतात. भाच्याने कळ दाबली. पहिली वीत हौदा कुरकुरत चढला, मग सरसर वर गेला, आणि दोन मिनिटांत रेती खाली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दोघे गडी बाजूला फावडी घेऊन उभे होते. मुरबाडकडचे, एक वयस्क, एक तरणा. कुणी काही बोलेना. मग वयस्क गडी म्हणाला, “शेट, विटा कोण उतरवील? विटा वतून चालत नाही. फुटतील.”

खरेच होते ते. राडारोडाही हाताने भरावा लागतो. शिवाय हौदा वर करण्यापूर्वी जमीन बघायला, मागे उभ्या माणसांना हटवायला आणि फाळका उघडायला कुणीतरी लागतेच. तो राहिला. दोघांचे काम मात्र उरले नाही. तरणा दुसऱ्या आठवड्यापासून आला नाही. भाऊजींनी उशीला टेकून हिशेब केला: त्याची महिन्याची मजुरी आणि जॅकसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. त्यांनी वही मिटली आणि भाच्याला त्याची चौकशी करायला सांगितले.

भाऊजी आता काठी घेऊन अंगणात फिरतात. अक्काच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग दिसतो. तरणा गडी दिवाळीनंतर बदलापूरकडच्या एका वीटभट्टीवर लागणार आहे, असे वयस्क गड्याने सांगितले. तिथल्या विटा एक ना एक दिवस भाच्याच्या हौद्यात येतील. भरणारा तो असेल, आणि विटा ओतून चालत नाहीत.