पाटीवरून पाटी

न्यू मार्केटमधल्या एखाद्या दुकानावर पाटी असावी, "दुकान रोशनपुऱ्यात हलवले आहे", आणि रोशनपुऱ्यात पोहोचावे तर तिथे पाटी, "दुकान न्यू मार्केटमध्ये हलवले आहे". दोन फेऱ्यांनंतर आपण घरी परततो. कॉम्प्युटरला मात्र हे शहाणपण शिकवावे लागते.

लिनक्समध्ये अशी पाटी म्हणजे सिंबॉलिक लिंक. तिच्यात मजकूर नसतो, फक्त दुसऱ्या फाईलचा किंवा फोल्डरचा पत्ता असतो. 1983 च्या 4.2 बीएसडी युनिक्समध्ये ही सोय होती.

आमच्या घरी वडिलांची जुनी पत्रे स्कॅन करून ठेवली आहेत. भाच्याने सोयीसाठी 'पत्रे' फोल्डरमध्येच एक लिंक केली, ती पुन्हा 'पत्रे'कडेच नेणारी. त्यानंतर फोल्डर उघडले की फाईल मॅनेजर बंद पडे. तो फोल्डरचा एकूण आकार मोजायला आत शिरे, लिंकमधून पुन्हा त्याच फोल्डरमध्ये येई आणि मेमरी संपेपर्यंत फिरत राही. दुरुस्तीला आलेले गृहस्थ म्हणाले, "डिस्क खराब आहे, फॉरमॅट करू." वडील आता नाहीत आणि मूळ कागद वाळवीने खाल्लेले. मी नको म्हटले.

टर्मिनलवर फोल्डरची यादी मागितली, तेव्हा लिंकच्या नावापुढे बाण आणि पत्ता दिसला. लिंक पुसली की फक्त पाटी जाते, मूळ वस्तूला धक्का लागत नाही. ती एक लिंक काढली आणि सगळी पत्रे उघडली. त्याच दिवशी त्यांची एक प्रत सीडीवर घेतली.

आपल्या न्यायशास्त्रात या दोषांना फार पूर्वीच नावे दिली आहेत. स्वतःवरच टेकणारा तो आत्माश्रय, दोघे एकमेकांवर टेकले तर अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिकांचे वर्तुळ झाले तर चक्रक आणि शेवटच नसेल तर अनवस्था. लिनक्सचा गाभा एका मार्गात 40 लिंकपर्यंतच जातो, पुढे चूक कळवून थांबतो. चांगला प्रोग्राम याहून सोपी युक्ती करतो. प्रत्येक फोल्डरला डिस्कवर आयनोड नावाचा क्रमांक असतो. ज्या फोल्डरांतून आत आलो त्यांची डिस्क आणि क्रमांक टिपून ठेवायचे, त्यातलाच क्रमांक पुन्हा आला की मागे फिरायचे.

तुमच्यापैकी जे प्रोग्रामिंग शिकत आहेत त्यांनी ही टिपणवही ठेवायला विसरू नये. तुमच्या प्रोग्रामपुढे कुणाच्या घरची पत्रे असतील, ते तुम्हाला ठाऊक नसते.